दोन बोरिंगं कोरडी गेली, तिसरं करावं का?

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: राऊच्या पुढे आमचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे, घर बांधायला घ्यायचंय. दोन बोरिंगं झाली, एक ४५० फूट, दुसरं ६२०. दोन्ही कोरडी. पहिली जागा सासरेबुवांच्या ओळखीतल्या नारळवाल्याने (हातावरचा नारळ उभा राहिला की तिथे पाणी सांगणाऱ्याने) दाखवली आणि दुसरी त्यानेच 'जरा सरकून' दिली. आता माझे दीर एका माणसाला आणताहेत. त्याच्याकडे मोबाइलला जोडायचं यंत्र आहे आणि तो हजार फुटांपर्यंतचं पाणी रंगीत चित्रात दाखवतो म्हणे. ही भूभौतिकीची यंत्रं खरंच जमिनीखालचं बघतात का? तिसरं बोरिंग करावं का?

ताई, त्या चित्रवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश. सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात पाण्यासाठी जमिनीची पाहणी करत, तारांची रिळं ओढत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. पाणी लागलं तेव्हा पेढे खाल्ले, नाही लागलं तेव्हा बोलणीही खाल्ली. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

कुंभाराकडे माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बदलतो. भूभौतिकी म्हणजे एवढंच: जमिनीला वेगवेगळ्या प्रकारे टिचक्या मारायच्या आणि आवाज कुठे बदलतो ते टिपायचं. वीज सोडून बघायची, हातोडा मारून लहरी मोजायच्या, खालच्या वस्तुमानाची ओढ मोजायची, चुंबकत्व मोजायचं. या मोजमापातून कळतो तो खडकाचा एखादा गुण. पाणी कळत नाही. पाण्याचा अंदाज आपण त्या गुणावरून बांधतो, आणि चूक होते ती त्या बांधण्यात. पाण्यातल्या हायड्रोजनला थेट विचारणारी चुंबकीय अनुस्पंदनाची एक पद्धत आहे, हा एकच अपवाद. पण तिला जमिनीवर भलं मोठं वेटोळं अंथरावं लागतं, आसपास विजेच्या तारा असल्या की ती बावरते, आणि आपल्या काळ्या खडकातलं चुंबकत्व तिला मुळीच मानवत नाही. राऊच्या कॉलनीत तिचा काही उपयोग नाही.

आता आपला खडक कसा आहे ते बघू, कारण यंत्रापेक्षा उत्तर त्यात जास्त आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. आज उरलेला त्याचा पसारा साधारण ५ लाख चौरस किलोमीटर आहे. आपला माळवा म्हणजे त्याची उत्तरेकडची कड. प्रत्येक थराची घडण थोडीफार सारखीच असते. डोक्यावरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा झालेला असतो. महाराष्ट्रात विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट, काळा, घण मारला तर ठिणगी काढणारा. आणि पुष्कळदा दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा एक पट्टा असतो, गेरूसारखा. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला, तेवढ्यात वरच्या पृष्ठाची माती झाली, पुढच्या लाव्हाने ती भाजली, तो हा पट्टा.

या सगळ्यात पाणी राहतं कुठे? वाळूसारखं सगळीकडे मुरलेलं ते इथे नसतं. घट्ट कातळाला मुळात पोटच नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, भोकाभोकांच्या भागात जिथे ती भोकं एकमेकांना जोडलेली आहेत तिथे, आणि भेगांत. 'डग डग रोटी, पग पग नीर' असं माळव्याबद्दल म्हणत आले. ते पावलोपावलीचं पाणी होतं वरच्या तीस-चाळीस फुटांतलं, बावड्यांचं आणि मोटेच्या विहिरींचं. ते उपसून संपवलं आणि मग आपण सहाशे फुटांवर गेलो, जणू खाली दुसरा माळवा आहे. साधारण शंभर मीटरच्या, म्हणजे सव्वातीनशे फुटांच्या खाली भेगा विरळ आणि बंद होत जातात. खोलवर दोन थरांच्या सांध्यात कधी पाणी लागतं, नाही असं नाही. पण तो जुगार आहे, आणि तुमचे दोन डाव झालेले आहेत.

आता विजेची पद्धत, कारण पाण्यासाठी नव्वद टक्के वेळा आम्ही तीच वापरतो. कॉनराड श्लुम्बर्जे नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून तिचा नकाशा काढला. त्याआधी त्याने वाळू भरलेल्या तांब्याच्या टबात प्रयोग करून पाहिले होते. आज आम्ही करतो ते मुळात तेच. एका सरळ रेषेत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांमध्ये किती विद्युतदाब पडला ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते ते निघतं. त्याला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. मग बाहेरच्या सळ्या आणखी लांब न्यायच्या. जितक्या लांब, तितकी वीज खोलातून वळून येते. असे पंधरा-वीस आकडे घेतले की एक वक्र तयार होतो आणि त्यातून थर ओळखायचे. एप्रिलमध्ये जमीन इतकी कोरडी असते की सळीभोवती मिठाचं पाणी ओतल्याशिवाय वीज आत जातच नाही. गावातल्या पोरांना वाटतं आम्ही पूजा करतोय.

माझ्या वहीतले या भागाचे आकडे साधारण असे आहेत. ओली काळी माती ५ ते १० ओहम-मीटर. पाणी भरलेला मुरूम किंवा फुटलेला खडक २० ते ४५. घट्ट कातळ १०० च्या पुढे, कधी कितीतरी पुढे. म्हणजे आकडा अगदी कमी आला की पाणी, असं नसतं. मधलाच आकडा हवा असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले सांवेरकडच्या एका शेतात. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं होती. वक्र वरच्या कातळानंतर सुंदर खाली उतरला, खालच्या थराचा आकडा १० च्या आसपास. मी छाती ठोकून सांगितलं की इथे लागणार. मशीन लागलं आणि १३० फुटांच्या पुढे लाल भुकटी उडायला लागली. गेरूचा पट्टा होता, चांगला जाड. त्या मातीत पाणी असतं, पण ती ते सोडत नाही, आणि वीज तिच्यातून छान जाते म्हणून आकडा कमी. पुढे ती माती फुगून भोकात ढासळली आणि बिटासकट काही रॉड अडकले. शेतकरी काही बोलला नाही. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला, तो मला गिळवेना. तेव्हापासून आकडा १५ च्या खाली गेला की मी आधी माती म्हणते, पाणी नंतर.

दुसरी अडचण जास्त आतली आहे. एकच वक्र दोन-तीन वेगवेगळ्या थररचनांतून येऊ शकतो. पाच मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर आणि दहा मीटर जाडीचा ४० चा थर, दोन्ही कातळात दबलेले असले तर वर बसलेल्या यंत्राला जवळपास सारखेच भासतात. आणि खोलवरची बारीक भेग तर वक्रावर दिसतसुद्धा नाही. शंभर मीटर खाली अर्ध्या मीटरची फट आहे की नाही हे वरून वीज सोडून सांगता येत नाही. जो सांगतो तो यंत्राच्या पलीकडचं काहीतरी बोलतो आहे. म्हणून शेजारच्या बोरिंगची माहिती नसेल तर नुसत्या वक्रावर मी सही करत नाही.

आता तुमच्या प्लॉटचं. ४० बाय ६० फूट म्हणजे १२ बाय १८ मीटर. कर्णाने तार ओढली तरी जेमतेम २२ मीटर. या पद्धतीत वीज किती खोल बघते याचा आमचा ठोकताळा असा, की बाहेरच्या दोन सळ्यांमधल्या अंतराचा पाचवा-सहावा हिस्सा. २२ मीटरवर चार मीटर. म्हणजे तुमच्या प्लॉटच्या हद्दीत राहून, खऱ्या यंत्राने, खऱ्या माणसाने केलेली पाहणी १२-१३ फुटांपर्यंतचं सांगेल. साठ मीटरचं बघायचं तर तीन-साडेतीनशे मीटरची सरळ रेषा हवी. प्लॉटच्या चार भिंतींत उभं राहून हजार फुटांचं चित्र काढून देणाऱ्याला एवढंच विचारा, 'भैया, तार कितनी लंबी फैलाओगे?'

तो म्हणेल, आमच्या यंत्राला तार लागत नाही, ते पृथ्वीच्या नैसर्गिक लहरींवर चालतं. हे अगदीच खोटं नसतं, म्हणून नीट सांगते. विजांच्या कडकडाटामुळे आणि वातावरणाच्या वरच्या थरांतल्या प्रवाहांमुळे जमिनीत सतत बारीक वीज खेळत असते. तिच्यावरून खोलीचा अंदाज घेण्याची पद्धत प्रतिष्ठित आहे. तिने तीस-चाळीस किलोमीटर खालचंसुद्धा बघतात. कमी वारंवारितेची लहर खोल शिरते, जास्तीची वरच विझते. पण किती खोल, हे वारंवारितेइतकंच खडकाच्या रोधकतेवरही अवलंबून असतं. सूत्र सोपं आहे: रोधकतेला वारंवारितेने भागा, वर्गमूळ काढा, ५०३ ने गुणा, मीटरमध्ये खोली मिळते. १०० हर्ट्झची लहर घ्या. जमीन २० ओहम-मीटरची असेल तर २२५ मीटर. २०० ची असेल तर ७११ मीटर. तिप्पट फरक! खरी पद्धत म्हणून विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही घटक मोजते आणि रोधकता आधी काढते. स्वस्त यंत्र दोन सळ्यांतला विद्युतदाब काही ठरावीक वारंवारितांना मोजतं आणि शेजारी फुटांचे आकडे छापून देतं. ते आकडे कारखान्यात बसून ठरवलेले असतात. तुमच्या राऊच्या खडकाने ते ठरवलेले नाहीत. रंग मोबाइल भरतो.

आणि त्यात विजेच्या तारांचा गोंगाट. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचे पडसाद १००, १५०, २०० असे चढत जातात, नेमके याच यंत्रांच्या कामाच्या पट्ट्यात. कॉलनीत ट्रान्सफॉर्मर असला की यंत्र बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरचंच चित्र काढतं. ही तक्रार नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिथले संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं की आता सुई ट्रामचं वेळापत्रक सांगणार. मग अलिबागला, लोखंड टाळून, नवी वेधशाळा बांधली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने मोजून साखळी जोडून घेतली, म्हणून आज ती सलग नोंद जगात मानाची आहे. एका ट्रामसाठी अख्खी वेधशाळा हलवावी लागली, आणि हा माणूस डीपीखाली उभा राहून सहाशे फुटांवरचं पाणी दाखवतो!

मी स्वतः या बाबतीत फसलेली आहे, म्हणून फार बोलत नाही. महूकडे एका शाळेच्या आवारात आम्ही तारेच्या कुंपणाला समांतर रेघ धरली होती. सोयीची, सरळ. वक्र कोसळला, खाली जणू तळंच आहे. सोबतच्या हेल्परने कुंपणाच्या खांबाला हात लावला आणि झटका बसून ओरडला, तेव्हा कळलं की वीज जमीन सोडून कुंपणातून फिरतेय. नळाची लोखंडी लाइन, अर्थिंग, सळयांचा पाया, सगळे असेच फितूर.

'मग रडारने बघा ना, परदेशात बघतात' असं मला दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार कोरड्या वाळूत दहा-वीस मीटर जातं. आपल्या काळ्या मातीत ती लहर एक-दीड मीटरमध्ये विझून जाते, कारण चिकणमाती तिला खाऊन टाकते. रस्त्याखालचा पाइप शोधायला ठीक.

हातोड्याची पद्धत मला मनापासून आवडते. लोखंडी पाट्यावर घण मारायचा आणि ओळीने ठेवलेल्या संवेदकांवर लहर केव्हा पोचली ते बघायचं. मातीत ती सेकंदाला तीनशे-सहाशे मीटर रांगते, मुरमात हजार-दोन हजार, आणि घट्ट कातळात पाच हजारांच्या आसपास धावते. मुरूम किती जाड आणि कातळ कुठून सुरू, हे यातून झकास कळतं. पाया आणि पूल बांधणारे म्हणूनच ती करून घेतात. पण तिला एक अट आहे: खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असला पाहिजे. कातळाखालचा गेरू मंद असतो, त्यामुळे वळून वर येणाऱ्या लहरीत तो उमटतच नाही. म्हणजे ज्याने माझं नाक कापलं त्यालाच ही पद्धत पाठीशी घालते.

याच लहरी मोठ्या झाल्या की भूकंप. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसामच्या भूकंपाच्या नोंदींतून लहरींचे वेगवेगळे प्रकार सुटे करून दाखवले आणि १९०६ मध्ये त्यांच्याच आधारे पृथ्वीला गाभा आहे असं मांडलं. सहा हजार किलोमीटर खोलीचा गोळा, आणि टिचकी मारून त्याचं आतलं पोट कळलं! आपल्या जवळचं उदाहरण हवं तर २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप. तो जवळजवळ ३५ किलोमीटर खोल झाला, म्हणजे कवचाच्या अगदी तळाशी. एरवी खंडाच्या आतले भूकंप इतके खोल क्वचितच होतात. नर्मदेचं खोरं म्हणजे खालून आलेली जुनी चीर आहे हे त्यामुळे पुन्हा अधोरेखित झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आपल्या उज्जैनपासून नर्मदा-तापी ओलांडून महाराष्ट्रातल्या महानपर्यंत सुरुंगांच्या लहरींनी कवचाचा छेद काढलेला आहे. तुमच्या बोरिंगशी त्याचा संबंध नाही. पण तुम्ही विचारलंत की यंत्रं खरंच आतलं बघतात का, म्हणून सांगितलं. बघतात. पाच किलोमीटर जाडीचा थर चाळीस किलोमीटरवरून ओळखणं सोपं आहे. हाताएवढी भेग शंभर मीटरवरून ओळखणं अवघड.

गुरुत्वाची गोष्ट तर आपल्या घरचीच. विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळ कल्याणपूर आहे. जॉर्ज एव्हरेस्ट प्रमुख होते त्या काळात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ते मुख्य ठाणं होतं. तिथून उत्तरेला मुझफ्फरनगरकडच्या कलियानापर्यंतचं अक्षांशाचं अंतर दोन रीतींनी काढलं, एकदा जमिनीवर मोजून आणि एकदा ताऱ्यांवरून. कोनाच्या सव्वापाच सेकंदांचा (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक आला, जमिनीवर म्हणाल तर दीडशे मीटरच्या वर. कारण हिमालय ओळंबा आपल्याकडे ओढतो. पण कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती प्रॅट यांनी हिमालयाच्या आकारावरून हिशेब केला तर फरक जवळपास सोळा सेकंद यायला हवा होता! हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही, म्हणजे त्याच्या खाली काहीतरी हलकं आहे. १८५५ मध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी आणि पुढे प्रॅट यांनी याची दोन वेगळी स्पष्टीकरणं दिली आणि पर्वत पाण्यावरच्या ओंडक्यासारखे तरंगतात ही कल्पना तिथून रुजली. एका ओळंब्याने पर्वताची मुळं शोधली. आता तेच काम उपग्रह करतात. २००२ साली सोडलेल्या ग्रेस नावाच्या जोडीने एकमेकांमधलं अंतर सतत मोजून पंजाब-हरियाणाच्या खालचं पाणी किती उपसलं गेलं याचं वजन केलं. शेकडो किलोमीटरच्या तुकड्याचं वजन. तुमच्या ४० बाय ६० चं नाही.

चुंबकीय पद्धत आमच्याकडे पाण्यासाठी फार चालत नाही. खडकच चुंबकीय, त्यामुळे सगळीकडे कलकलाट. खाली धुळे-नंदुरबारकडे उभ्या काळ्या भिंती, म्हणजे डाइक, पुष्कळ आहेत. त्यांची रेघ शोधायला मात्र ती उपयोगी पडते, कारण अशी भिंत जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते.

सासरेबुवांच्या नारळवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. नारळ उभा राहण्याचा पाण्याशी संबंध नाही, ते हाताच्या स्नायूंचं काम आहे. पण त्यांतले जुने लोक उंबराचं झाड, नाल्याची वळणं, शेजारची विहीर हे सगळं बघून ठेवलेले असतात आणि नारळ शेवटी काढतात. मुरूम जाड असलेल्या गावात दहापैकी सहा-सात ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, कोणीही जागा दाखवली तरी. तो माणूस त्या सहा-सातांवर जगतो. तुमचा प्लॉट उरलेल्यांत दिसतो.

आता करायचं काय. तुमच्याकडे भूभौतिकीपेक्षा मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे दोन भोकं. पैसे गेले, पण माहिती आत आहे. मशीनवाल्याला गाठा आणि विचारा: मुरूम किती फुटांवर संपला, केसिंग (भोकाच्या वरच्या भागातला पाइप) किती फूट घातलं, लाल भुकटी कुठे उडाली, धूळ ओली कुठे झाली, रॉड कुठे भराभर उतरला. त्याला हे आठवत असतं, कोणी विचारत नाही एवढंच. मग आजूबाजूच्या पाच-सहा बोरिंगांची खोली आणि मे महिन्यातलं पाणी विचारून एका कागदावर लिहा. सगळ्यांचंच पाणी ६०-८० फुटांत असेल तर उत्तर वरच आहे, खाली नाही.

केसिंगवर मी जोर देते त्याला कारण आहे. मशीनवाला मुरूम ढासळू नये म्हणून कातळ लागेपर्यंत कोरा पाइप घालतो. पाणी मुरमात असेल तर तो पाइप तेच पाणी बाहेर अडवतो आणि मग तुम्ही कोरड्या कातळात खाली खाली जात राहता. असं मी कितीदा पाहिलंय. बोरिंगमध्ये कॅमेरा सोडणारे लोक आता इंदूरात मिळतात. पाइपच्या खालच्या टोकाशी पाणी झिरपताना दिसलं तर समजा की बोरिंग कोरडं नाही, बंद आहे. तशा वेळी जाळीचा पाइप बसवून किंवा शेजारी चाळीस-पन्नास फुटांची रुंद विहीर घेऊन काम भागू शकतं. विहीर घ्याल तर सेप्टिक टँक उताराच्या बाजूला आणि जितका लांब नेता येईल तितका लांब. वरचं पाणी हे वरच्या घाणीचंही पाणी असतं.

एवढं झाल्यावरही शंका राहिली तर पाहणी करून घ्या, पण प्लॉटमध्ये नाही. गहू निघाल्यावर शेजारच्या मोकळ्या शेतात किंवा कॉलनीच्या कच्च्या रस्त्याला लागून तीनशे मीटरची रेघ मिळते का बघा. पाहणी सकाळी लवकर, तारांपासून लांब. येणारा माणूस वक्र आणि मूळ आकडे हातात देणार असेल तरच बोलवा. नुसता ठिपका दाखवून जाणारा नको. आणि 'इथे करू नका' असं म्हणण्याचेही त्याला तेवढेच पैसे द्या, नाहीतर तो कधीच तसं म्हणणार नाही.

तिसरं बोरिंग ६२० च्या पुढे न्यायचं असेल तर माझं मत नाही असं आहे. इंदूर शहराला १९७८ पासून नर्मदेचं पाणी जलूदहून घाट चढवून आणावं लागतं, ते खालचं पाणी पुरलं नाही म्हणूनच. तुमच्याकडे ती लाइन कधी पोचेल ते तुम्हीच जास्त जाणता. तोवर छताचा हिशेब करा. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. आपल्याकडे साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. ९०० धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी सुमारे ६७ हजार लिटर होतात. त्यातलं टाकीत मावेल ते घरात वापरा. उरलेलं कोरड्या बोरिंगमध्ये सोडायचा सल्ला तुम्हाला सगळे देतील. त्याआधी टँकरमधलं हजार लिटर स्वच्छ पाणी त्यात ओता आणि पातळी किती वेळात उतरते ते बघा. सकाळपर्यंत तसंच उभं असेल तर ते भोक पाणी देत नाही तसं घेतही नाही, आणि पावसाचं पाणी तिथे ओतणं म्हणजे बाटली भरणं. मग मुरमापर्यंतचा खड्डा घेऊन त्यात सोडा, आणि गाळणी आधी बसवा.

सध्या दिरांना एवढंच काम सांगा की दोन्ही बोरिंगांची बिलं शोधून काढा. केसिंगचे फूट त्यावर लिहिलेले असतात, कारण त्याचे पैसे वेगळे लागतात. तो आकडा आणि मुरूम कुठे संपला तो आकडा, दोन्ही मला कळवा. मग तुमच्या पहिल्या बोरिंगबद्दल बोलू. मला त्याचाच जास्त संशय आहे.